प्रयोगशाळेतून वृत्तकक्षाकडे जाण्याआधी

पत्र: मी पेशीजीवशास्त्रात पीएच.डी. केली असून सध्या माझ्या पोस्टडॉकचे, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाचे, दुसरे वर्ष चालू आहे. उंदरांवरील प्रयोगांचा एक शोधनिबंध अर्धवट आहे. गेली तीन वर्षे मी आमच्या विभागाच्या वार्तापत्रासाठी सोप्या भाषेत लेख लिहिते आणि ते लोकांना आवडतात. एकाच प्रथिनावर आयुष्य घालवण्यापेक्षा विज्ञान पत्रकारितेत जावे, असे आता फार वाटू लागले आहे. माझे मार्गदर्शक याला पळ काढणे म्हणतात. मी आताच संशोधन सोडावे का? पत्रकारितेची वेगळी पदवी घ्यावी लागेल का? माझ्याच विषयावर लिहिण्यापासून सुरुवात करू का? आणि इतक्या वर्षांचे शिक्षण वाया जाईल का?
— एक संशोधक

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचे मूळ पत्र बरेच मोठे होते. वर त्याचा सारांश दिला आहे. अवघड विषय समजावून सांगण्यातला आनंद तुम्ही त्यात अनेक ठिकाणी आणि फार मनापासून वर्णिला आहे. पण एखाद्या अनोळखी माणसाला फोन करून त्याला न आवडणारा प्रश्न विचारण्याची इच्छा मला त्या पत्रात कुठे दिसली नाही. संशोधन सोडावे की नाही, याचे उत्तर माझ्या मते इथेच शोधावे लागेल, म्हणून पदवी, पैसा आणि विषय यांच्या आधी मी इथूनच सुरुवात करते.

विज्ञान सोपे करून सांगणे हे मोलाचे काम आहे. संशोधन संस्थांचे प्रसिद्धी विभाग, विज्ञान संग्रहालये आणि तुमच्या विभागासारखी वार्तापत्रे यांत त्यासाठी जागाही आहे. पत्रकारिता हा त्याच्या शेजारचा, पण वेगळा व्यवसाय आहे. प्रसिद्धी विभागातील लेखक संस्थेच्या बाजूने लिहितो आणि त्यात काही वावगे नाही, कारण वाचकालाही ते ठाऊक असते. पत्रकार मात्र वाचकाच्या वतीने विचारतो: हे कितपत खरे आहे, कुणाच्या पैशाने झाले, कोणाला हे मान्य नाही, आणि उद्या हे चुकीचे ठरले तर नुकसान कुणाचे होईल? तुम्ही आजवर लिहिलेले लेख पहिल्या प्रकारचे आहेत. ते उत्तम असतील, पण दुसरे काम तुम्हाला मानवेल की नाही, हे त्यांवरून कळणार नाही.

हा फरक किती खोल जातो, हे अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरांच्या शोधनिबंधाच्या प्रकरणात दिसते. फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या निबंधात अवघ्या १२ मुलांची माहिती होती आणि तिच्या आधारे गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लशीचा संबंध ऑटिझमशी जोडला गेला. पुढे संशोधकांनी मोठ्या लोकसंख्यांचे अभ्यास करून असा संबंध आढळत नाही, हे दाखवून दिले. ते काम त्यांचेच होते आणि त्यांनी ते चोख केले. परंतु ती १२ मुले निवडली कशी गेली, आणि लस उत्पादकांविरुद्ध खटल्याची तयारी करणाऱ्या वकिलाकडून संशोधकाला पैसा मिळत होता का, हे प्रश्न निबंधाच्या पानांबाहेरचे होते. ते ब्रायन डीअर या पत्रकाराने लावून धरले आणि त्यांचा पहिला वृत्तान्त २००४ मध्ये ‘संडे टाइम्स’मध्ये आला. निबंध मागे घेतला जाण्यासाठी त्यानंतरही २०१० साल उजाडावे लागले. डीअर यांची पदवी तत्त्वज्ञानाची होती. कागदपत्रे मिळवणे, पालकांना गाठणे आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणे हे त्यांचे कौशल्य होते. या वर्णनाने तुम्हाला हुरूप आला असेल, तर पुढचे सगळे वाचा. अंगावर काटा आला असेल, तर विज्ञान संवादाचे काम निवडा. त्यात कमीपणा काहीच नाही.

आता शिक्षण वाया जाण्याबद्दल. तुमच्या प्रथिनाविषयीची माहिती चार-पाच वर्षांत शिळी होईल, हे खरे आहे. मात्र निबंध हाती आला की सारांश सोडून आधी पद्धतीच्या भागाकडे वळण्याची सवय शिळी होत नाही, आणि वृत्तकक्षात ती फार थोड्यांकडे असते.

तुमच्या उंदरांचेच पाहा. २०१४ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पेट्रोक समनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील २० आघाडीच्या विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रके, त्यांमागचे शोधनिबंध आणि त्यांवरून आलेल्या बातम्या एकमेकांशी ताडून पाहिल्या होत्या. प्राण्यांवरील संशोधनाच्या ३६ टक्के प्रसिद्धिपत्रकांत माणसांविषयी असा निष्कर्ष काढलेला होता, की ज्याला मूळ निबंधात आधार नव्हता. प्रसिद्धिपत्रकात ही अतिशयोक्ती असेल तेव्हा ती ८६ टक्के बातम्यांत उतरली; नसेल तेव्हा केवळ १० टक्के बातम्यांत आढळली. प्रयोगशाळांत बसून ‘पत्रकार सगळे फुगवून सांगतात’ असे आपण सहज म्हणतो, आणि मीही ते वर्षानुवर्षे म्हटले आहे, पण फुगवण्याची सुरुवात अनेकदा आपल्याच इमारतीत होते आणि प्रसिद्धिपत्रक बहुधा संशोधकाच्या नजरेखालून गेलेले असते. जो पत्रकार मूळ निबंध उघडतो आणि ‘उंदरांमध्ये’ हा शब्द कुठे गळाला ते पाहतो, तो ही साखळी तोडू शकतो. तुम्हाला ते पाहायला पाच मिनिटे पुरतील.

आकड्यांच्या बाबतीतही तसेच आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला, की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट हे खरेच होते: दर ७,००० स्त्रियांमागे साधारण १ ऐवजी २ जणींना. पण लोकांपर्यंत ‘दुप्पट’ पोहोचले आणि ७,००० मागेच राहिले. अनेकींनी घाबरून गोळ्या बंद केल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात अधिक झाले. गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो, ही गोष्ट तर कुणाच्या लक्षातच राहिली नाही. ‘कशाच्या दुप्पट?’ हा एक प्रश्न त्या दिवशी अधिक ठिकाणी विचारला गेला असता, तर किती जणींचे हाल वाचले असते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. तुम्ही सेमिनारच्या मागच्या बाकावरून हा प्रश्न कितीतरी वेळा विचारला असेल. तोच आता वाचकासाठी विचारायचा आहे.

तिसरे उदाहरण अशा माणसाचे आहे, ज्याने तुमच्यासारखाच प्रवास केला. जॉन बोहॅनन हे रेणवीय जीवशास्त्रात पीएच.डी. करून पत्रकारितेत आले. २०१५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चॉकलेटमुळे वजन लवकर घटते, असा एक मुद्दाम कच्चा अभ्यास प्रसिद्ध केला. अवघे १५ लोक, तीन आठवडे आणि १८ वेगवेगळी मोजमापे, एवढेच त्याचे भांडवल होते. एकमेकांशी संबंध नसलेली १८ मोजमापे घेतली, तर निदान एकात तरी निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ फरक दिसण्याची शक्यता सुमारे ६० टक्के असते, हे तुम्हाला सांगायला नको. बातमी अनेक देशांत छापून आली, आणि अभ्यासात लोक किती होते हे जवळपास कुणीच विचारले नाही, असे बोहॅनन यांनी नंतर लिहिले. सहभागी लोकांना खरा हेतू सांगितलेला नव्हता, त्यामुळे ती पद्धत मला पटत नाही आणि तिचे अनुकरण तुम्ही करू नये. मात्र त्यातून उघडी पडलेली उणीव खरी आहे आणि ती भरून काढण्याची तयारी तुमच्याकडे आधीच आहे.

इथवर मी तुमच्या शिदोरीबद्दल लिहिले. जे मागे ठेवावे लागेल, ते जास्त अवघड आहे.

मी स्वतः प्रयोगशाळेतून बाहेर पडले, तेव्हा माझा पहिला मोठा लेख एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांच्या मुलाखतीवर आधारलेला होता. छापण्याआधी तो संपूर्ण त्यांना वाचायला पाठवणे मला अगदी स्वाभाविक वाटले. सहलेखकाला मसुदा पाठवतो तसेच. तीन दिवसांनी लेख परत आला, तेव्हा त्यांची स्पष्ट विधाने गुळगुळीत झाली होती आणि त्यांच्या कामावर आक्षेप घेणाऱ्या दुसऱ्या संशोधकाच्या परिच्छेदावर काट मारलेली होती. संपादकांना हे कळल्यावर त्यांनी लेख छापला नाही. मला तेव्हा तो अन्याय वाटला, पण त्यांचेच बरोबर होते. ज्याच्याविषयी लिहायचे, त्याच्या हाती लेखणी दिली की वाचकाला जे मिळते, त्याला बातमी म्हणता येत नाही. तांत्रिक अचूकतेसाठी एखादे वाक्य किंवा आकडा फोनवर वाचून दाखवण्याची मुभा काही प्रकाशने देतात, काही देत नाहीत. ते संपादकांना आधी विचारावे. संपूर्ण मसुदा कुणालाही देऊ नये. तज्ज्ञपरीक्षणाच्या वातावरणात वाढलेल्या आपल्यासारख्यांची पहिली चूक बहुधा हीच होते, कारण आपल्याला वाटते की तपासून घेणे म्हणजे लेखकालाच विचारणे. पत्रकारितेत तपासणे म्हणजे त्या कामाशी संबंध नसलेल्या, पण ते समजणाऱ्या निदान दोन माणसांना विचारणे, आणि ती नावे मूळ संशोधकाने सुचवलेली नसली तर अधिक चांगले.

याच्या मुळाशी निष्ठेचा प्रश्न आहे. आपण ज्या समाजात घडलो, तिथल्या लोकांना वाईट वाटू नये असे वाटणे माणुसकीचे आहे. परंतु परिषदेत चहाच्या वेळी जी व्यक्ती तुमच्याशी मैत्रीने बोलते, तिच्याच निबंधातील प्रतिमा दोनदा वापरलेली आहे असे उद्या तुमच्या लक्षात आले, तर तिला फोन करून स्पष्टीकरण मागावे लागेल आणि तिचे उत्तर जसेच्या तसे छापावे लागेल. तेव्हा तुम्ही आता सहकारी म्हणून बोलत नसून पत्रकार म्हणून बोलत आहात, हे संभाषणाच्या पहिल्याच वाक्यात सांगायला हवे. सहकारी समजून कुणी सांगितलेली गोष्ट त्याला न सांगता बातमीत वापरणे, ही फसवणूक ठरते.

लेखनाच्या रचनेबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते सरावाने जमते. शोधनिबंधात निष्कर्ष शेवटी येतो, बातमीत तो इंट्रोतच, म्हणजे सुरुवातीच्या परिच्छेदातच, द्यावा लागतो. ‘असे असण्याची शक्यता नाकारता येत नाही’ या धाटणीची वाक्ये काढून टाकताना सुरुवातीला अपराधी वाटते. अनिश्चितता काढून टाकायची नसते, ती नेमकी कुठे आहे हे एका स्वच्छ वाक्यात सांगायचे असते.

तुमच्याच विषयावर लिहावे का? तुमची प्रयोगशाळा, तुमचे मार्गदर्शक, तुमचे सहलेखक आणि तुमचे थेट स्पर्धक यांच्याविषयी बातमी लिहू नये. स्पर्धकांचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे, कारण वैरही निष्ठेइतकेच नजर झाकोळते. थोडाही संबंध असेल, तर पहिल्याच ईमेलमध्ये संपादकांना तसे सांगावे. मात्र तुमच्या क्षेत्रातील कुजबुज ऐकू येणारा कान ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. बाहेरचा पत्रकार आठवड्याच्या ठरावीक निबंधांवर अवलंबून असतो. मोठी नियतकालिके ते निबंध काही दिवस आधी, ठरलेल्या वेळेपर्यंत न छापण्याच्या अटीवर पत्रकारांना देतात. याला एम्बार्गो म्हणतात, आणि १९९६ पासून चालू असलेल्या ‘युरेकअलर्ट’सारख्या सेवेतून तीच प्रसिद्धिपत्रके जगभरच्या वृत्तकक्षांत एकाच वेळी पोहोचतात. त्या गर्दीत नवख्या माणसाला जागा मिळणे कठीण असते. पण कोणती सेल लाइन (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींचा वंश) नावाप्रमाणे नाही, कोणती अँटिबॉडी भलत्याच प्रथिनाला चिकटते, कोणता प्रसिद्ध प्रयोग कुणालाच पुन्हा जमत नाही, हे तुम्हाला प्रसिद्धिपत्रकाविना कळते.

इथेच विषय आणि बातमी यांतला फरक समजून घ्या, कारण नवख्यांच्या बहुतेक पिच, म्हणजे संपादकांना पाठवलेले बातमीचे प्रस्ताव, याच कारणाने परत येतात. ‘सेल लाइनमधील भेसळ’ हा विषय झाला. स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वर्षानुवर्षे वापरली गेलेली एमडीए-एमबी-४३५ ही सेल लाइन जनुकीय तपासणीत मेलानोमाशी, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाशी, जुळणारी निघाली, आणि तरीही ती जुन्या ओळखीने वापरली जात राहिली. ही बातमी होती. तिच्यात काहीतरी घडले आहे, कुणाचे तरी काम पणाला लागले आहे आणि ‘हे थांबत का नाही?’ हा प्रश्न उभा राहतो. पिच लिहिताना पहिल्या दोन वाक्यांत काय घडले ते सांगा, मग ते आताच का छापावे, कोणाकोणाशी बोलणार आणि तुम्हीच का, हे सांगा. संपादकांनी स्वीकारलेल्या खऱ्या पिच वाचायच्या असतील, तर ‘द ओपन नोटबुक’ या संस्थेने त्यांचा मोठा संग्रह केला आहे. २०१० मध्ये ती सुरू करणाऱ्या दोघींपैकी सिरी कार्पेंटर यांनीही सामाजिक मानसशास्त्रात पीएच.डी. करून मग पत्रकारिता पत्करली. त्या संग्रहात एक संपूर्ण आठवडा घालवावा, असा माझा आग्रह आहे.

पदवी अनिवार्य नाही. संपादक छापून आलेले काम पाहतात. तरीही शिस्तशीर शिक्षण हवे असेल, तर विज्ञानाची पदवी आणि संशोधनाचा अनुभव असलेल्यांसाठीच आखलेले अभ्यासक्रम आहेत. सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा १९८१ पासूनचा कार्यक्रम त्यांत जुना आणि नावाजलेला आहे. अमेरिकेतील ‘एएएएस’ ही विज्ञानप्रसाराची संस्था १९७० च्या दशकापासून विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना १० आठवड्यांसाठी वृत्तकक्षांत पाठवत आली आहे. एमआयटीतील नाइट फेलोशिप मात्र आधीच पत्रकारितेत असलेल्यांसाठी आहे, त्यामुळे तिच्यासाठी आज अर्ज करण्यात वेळ घालवू नका. विज्ञान पत्रकारांच्या जागतिक महासंघाचा ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य आहे, तो पुरेसा पाया घालून देतो. आणि एक वाट लोकांना सुचत नाही: काही मासिके तथ्यपडताळणीसाठी स्वतंत्र माणसे नेमतात. दुसऱ्याच्या लेखातील प्रत्येक विधान मुळाशी जाऊन तपासण्याचे हे काम संशोधकाच्या हाताला लगेच बसते, आणि चांगला लेख आतून कसा बांधलेला असतो हे त्यातून जितके कळते, तितके कोणत्याही वर्गात कळत नाही.

पैशाबद्दल मी काही लपवणार नाही. पगारी जागा कमी आहेत आणि त्या कमी होत आल्या आहेत. सीएनएनने २००८ च्या अखेरीस आपला विज्ञान विभाग बंद केला. २०२३ मध्ये नॅशनल जिओग्राफिकने उरलेल्या पगारी लेखकांनाही निरोप दिला. बहुसंख्य विज्ञान पत्रकार फ्रीलान्स काम करतात. त्यात मानधन शब्दांवर किंवा लेखावर ठरते आणि ते अनेकदा छापून आल्यावर, कधी त्यानंतरही महिन्यांनी हाती पडते. लेख स्वीकारून नंतर छापला नाही, तर किती रक्कम मिळेल, हे लिहिण्याआधीच लेखी ठरवून घ्यावे. अनेक जण संस्थांसाठी लेखन करून खर्च भागवतात. तसे करण्यास हरकत नाही, मात्र ज्या संस्थेचे पैसे घेतले, तिच्याविषयी बातमी लिहिता येणार नाही, आणि ही यादी वाढत गेली की बातमीदाराची मोकळी जमीन आकसत जाते.

म्हणून आताच राजीनामा देऊ नका. अर्धवट निबंध पूर्ण करून पाठवा, कारण तो तसाच सोडला तर त्याचे ओझे नव्या कामातही सोबत येईल. पुढील सहा महिन्यांत विभागाच्या वार्तापत्राबाहेरच्या, तुम्हाला न ओळखणाऱ्या संपादकासाठी तीन बातम्या करा, आणि त्यांतील एक तरी अशी असू द्या, की जिच्यात कुणाला तरी अप्रिय प्रश्न विचारावा लागेल. एक बातमी पूर्णपणे परक्या विषयाची घ्या, भूगर्भशास्त्राची किंवा खगोलशास्त्राची, म्हणजे ‘मला हे समजले नाही, पुन्हा सांगाल का?’ असे म्हणायची सवय होईल. पीएच.डी. झालेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य सहज निघत नाही. माझ्या तोंडून निघायला वर्ष लागले. एक बातमी एका दिवसात पूर्ण करा. फोन करण्याआधी छातीत होणारी धडधड आणि फोन ठेवल्यानंतरची उत्सुकता यांपैकी काय जास्त काळ टिकते, ते दर वेळी वहीत लिहून ठेवा.

राहिले तुमचे मार्गदर्शक. त्यांच्या ‘पळ काढणे’ या शब्दांनी तुम्ही दुखावल्या गेल्या आहात, हे पत्रात जाणवते. त्यांच्या शंकेत एक तथ्य तपासण्यासारखे आहे: निबंध नाकारले जाण्याचा कंटाळा हे तुमच्या निर्णयाचे मुख्य कारण असेल, तर या व्यवसायात नकार वर्षातून दोनदा येण्याऐवजी आठवड्यातून दोनदा येतात. ते कारण नसेल, तर त्यांच्याशी वाद घालत बसू नका. निबंध पाठवण्याची तारीख त्यांच्यासोबत ठरवा, त्या तारखेनंतरच्या संध्याकाळी आणि सुट्टीचे दिवस तुम्ही या तीन बातम्यांसाठी वापरणार आहात हे स्पष्ट सांगा, आणि त्यांच्या प्रयोगशाळेतील कोणतीही अप्रकाशित माहिती तुमच्या लेखनात येणार नाही, असे लेखी द्या. विद्यार्थिनी पत्रकार होणार म्हटल्यावर बऱ्याच मार्गदर्शकांना खरी भीती याचीच असते, पण ते ती बोलून दाखवत नाहीत.